पाठ केलेला इतिहास आणि न सापडणारा नकाशा

या वेळी आलेल्या पत्रांत माध्यमिक शाळेतील सामाजिक शास्त्रांविषयीची पत्रे बरीच होती, म्हणून सदराचा हा संपूर्ण भाग त्याच विषयाला दिला आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत या विषयाला १०० गुण असतात. त्यांपैकी ४० इतिहास व राज्यशास्त्राला, ४० भूगोलाला आणि २० अंतर्गत मूल्यमापनाला. पत्रे लांब होती, ती आटोपशीर केली आहेत. नावे छापू नयेत अशी बहुतेकांची विनंती असल्याने कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे. इतिहासाचे धडे मी पहाटे उठून मोठ्याने वाचते, दोनदा लिहून काढते, तरी आठ दिवसांनी पाटी कोरी होते. चाचणी परीक्षेत ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाचे माझे उत्तर पुस्तकातले होते, एकही चूक नव्हती, तरीसुद्धा दोनपैकी एकच गुण मिळाला. माझे काय चुकते? (विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : तू सोबत जोडलेले उत्तर मी वाचले. प्रश्न होता, ‘व्हॉल्टेअर यांना आधुनिक इतिहासलेखनाचे जनक म्हटले जाते’, आणि तू लिहिलेस की ते फ्रान्समधील तत्त्वज्ञ होते, त्यांचे मूळ नाव फ्रान्स्वा मरी अरूए होते आणि त्यांनी इतिहासलेखनाविषयी महत्त्वाचे विचार मांडले. यातले काहीच खोटे नाही. पण यात कारण कुठे आहे? एखाद्याचे मूळ नाव अमुक होते म्हणून कोणी त्याला जनक म्हणत नाही. तुझ्या बाईंनी एक गुण दिला तो मला जरा सढळ हाताने दिलेला वाटतो.

आता हेच उत्तर असे लिहून पाहा. इतिहास म्हणजे वस्तुनिष्ठ सत्य आणि घटनांचा कालक्रम, एवढ्यावरच लक्ष ठेवणे व्हॉल्टेअर यांना पुरेसे वाटले नाही. त्या काळच्या समाजाच्या परंपरा, व्यापार, अर्थव्यवस्था आणि शेती यांचाही विचार इतिहासकाराने केला पाहिजे असे त्यांनी मांडले. त्यामुळे मानवी जीवनाचा सर्व बाजूंनी विचार करणारे लेखन सुरू झाले आणि म्हणून त्यांना आधुनिक इतिहासलेखनाचे जनक म्हणतात. या उत्तरात ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ हे दोन शब्द आले, आणि त्यांनीच ते पेलून धरले आहे. ‘सकारण’ प्रश्नाचे उत्तर लिहून झाल्यावर त्यात हे शब्द किंवा त्यांचे भाऊबंद सापडले नाहीत, तर ती टीप झाली आहे असे समज आणि पुन्हा लिही.

विसरण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याचे हेच दुखणे असते. मोठ्याने वाचताना ओळी तोंडात बसतात, अर्थ मात्र बाहेरच उभा राहतो. शिवाय लिहून काढणे म्हणजे पुष्कळदा समोरच्या पुस्तकातून वहीत उतरवणे असते, त्यात डोके लागत नाही, मनगट दुखते एवढेच. मी वर्गात असताना एक धडा संपला की पुस्तके मिटायला लावत असे आणि शेजारच्याला तो धडा घरच्या बोलीत सांगायला लावत असे. ‘ॲनल्स प्रणाली’ या नावाला सगळा वर्ग घाबरला होता, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने शेजाऱ्याला सांगितले, “आरं, राजाचं पुरं झालं, आता रानाचं सांगा, असं म्हणत्यात ती.” फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उदयाला आलेल्या या विचारात राजकारण, नेते आणि युद्धे यांच्या पलीकडे जाऊन हवामान, शेती, व्यापार, दळणवळण, स्थानिक लोक आणि त्यांची मानसिकता यांचा अभ्यास आला. त्या मुलाने तो पाच-सहा शब्दांत सांगितला आणि पुढे तो वर्गात कोणीच विसरले नाही. परीक्षेत अर्थातच ‘आरं’ लिहायचे नाही; पण आधी बोलीत समजले की प्रमाण भाषेत लिहायला वेळ लागत नाही.

तेव्हा रोज एकच मुद्दा घे, पुस्तक मिट, पाच ओळी मनाने लिही आणि मग पुस्तक उघडून काय सुटले ते लाल शाईने भर. आठवडा झाला की फक्त लाल शाईचा भाग वाच.

प्रश्न : माझा मुलगा दहावीला आहे. त्याचे इतिहासाचे पुस्तक चाळले आणि धक्काच बसला. त्यात ना शिवाजी महाराज, ना स्वातंत्र्यलढा. पहिला धडा पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा, पुढे प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन. हा इतिहास आहे की सामान्यज्ञानाची पुरवणी? मुलांना याचा काय उपयोग? (पालक, नाशिक)

उत्तर : आपली तक्रार मी गेली काही वर्षे अनेक पालकसभांत ऐकली आहे, आणि तिच्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. परंतु हे पुस्तक एकटे वाचले तर ते विचित्र वाटते. मागच्या इयत्तांच्या रांगेत ठेवून वाचले तर त्याची जागा कळते. चौथीत मूल शिवछत्रपतींचे चरित्र शिकते, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि त्यात स्वराज्याची स्थापना व मराठी सत्तेचा विस्तार, आठवीत ब्रिटिश सत्ता, स्वातंत्र्यलढा आणि महाराष्ट्र राज्याची निर्मिती, नववीत १९६० नंतरचा भारत. म्हणजे दहावीत पोहोचेपर्यंत गोष्ट सांगून झालेली असते. दहावीचे पुस्तक त्यापुढचा प्रश्न विचारते, की ही गोष्ट आपल्याला कळली कशी, ती कोणी लिहिली आणि तिच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा.

हा प्रश्न परका नाही, आपल्याच अंगणातला आहे. आपल्या गावात शिवजयंती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा का साजरी होते, हे आपल्या मुलाने कधी विचारले आहे का? बऱ्याच उशिरा लिहिल्या गेलेल्या काही बखरींत महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात झाल्याचे सांगितले होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन १६२७ येते, आणि दीर्घकाळ तेच वर्ष धरले जात होते. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली लोकमान्य टिळकांना मिळाली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे वर्षवार केलेल्या त्रोटक नोंदी. तिला अलंकार नाहीत, कोणाची स्तुती नाही. तीत जन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. महाराजांच्या काळातच कवींद्र परमानंदांनी रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी सापडते. एक नोंद घराण्याच्या दप्तरातली, दुसरी दरबारी कवीची, आणि दोन्ही एकच तिथी सांगतात. इथे उशिराच्या बखरीपेक्षा त्यांचे पारडे जड का होते, हे पंधरा वर्षांच्या मुलाला सहज समजते. त्यासाठी कोणत्याही पाश्चात्त्य तत्त्वज्ञाचे नाव लागत नाही.

यात एक गणितही आहे, आणि मुलांना ते फार आवडते. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येते. मग आपण १९ फेब्रुवारी १६३० का म्हणतो? कारण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन १ जानेवारीला. फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तो येईपर्यंत इसवी सन एकाने पुढे गेलेले असते, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. हे एकदा फळ्यावर करून दाखवले की ‘कालगणना’ हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे का गोळा करत राहिले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड का सिद्ध झाले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ का स्थापन झाले, या सगळ्याचे उत्तर वरच्या एका उदाहरणात आहे. अस्सल कागद हाती असल्याशिवाय इतिहास लिहू नये हा राजवाड्यांचा आग्रह होता. आज मोबाइलवर रोज कोणी ना कोणी ‘खरा इतिहास’ पाठवतो, तेव्हा ‘हे कशात लिहिले आहे, कधी लिहिले आहे आणि लिहिणाऱ्याला ते कसे ठाऊक?’ हे तीन प्रश्न विचारता येणे, हा पुस्तकातल्या इतिहासलेखनावरच्या पहिल्या दोन धड्यांचा उपयोग आहे. मला तर तो वाढप्याच्या हातातल्या लाडवासारखा समोरच दिसतो. फक्त शिक्षकाने तो वाढायला हवा.

पुस्तकाविषयीचा माझा आक्षेप वेगळा आहे. देकार्त, हेगेल, रांके, मार्क्स, फुको ही पाश्चात्त्य विचारवंत माणसे त्यात इतक्या वेगाने येऊन जातात की मुलाला ती लग्नाच्या स्वागत-समारंभात भेटलेल्या दूरच्या पाहुण्यांसारखी वाटतात. नाव कळते, नाते कळत नाही. जिथे शिक्षक स्वतःचे उदाहरण जोडत नाहीत तिथे हा धडा जोड्या लावण्यापुरता उरतो. आपण वडील म्हणून एवढे करावे, की घरात एखादा जुना फोटो, जमिनीचा जुना कागद किंवा आजीची एखादी हकीकत असेल ती मुलासमोर ठेवावी आणि ती खरी कशावरून, असे त्यालाच विचारावे.

प्रश्न : भूगोलात संपूर्ण वर्ष भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. भारत ठीक आहे, पण ब्राझीलचा आमच्याशी काय संबंध? नकाशा भरतानाही ब्राझीलच्या नकाशात माझे हमखास चुकते. (विद्यार्थी, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : सिंधुदुर्गातल्या मुलाने हा प्रश्न विचारावा याची मला गंमत वाटली. तुझ्या परसात काजूचे झाड असेलच. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला आणि तिथून तो कोकणभर पसरला. ‘काजू’ आणि ‘अननस’ ही दोन्ही नावेही मूळची तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतली. पोर्तुगीजांच्या तोंडून ती आपल्याकडे आली. ब्राझीलवर पोर्तुगीजांचा अंमल १५०० पासून १८२२ पर्यंत होता, गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा काजूच्या जाती काढल्या, त्यांचे मूळ गोत्र अटलांटिकच्या पलीकडचे आहे.

पण तुलनेचे खरे कारण याहून चांगले आहे, आणि तेही तुझ्या घरापासून दिसते. आंबोलीला पाऊस कसा कोसळतो ते तुला सांगायला नको. घाट चढून तसेच पूर्वेला गडहिंग्लजकडे जात राहिलास की तासा-दीड तासात पावसाचे मान कितीतरी उतरते, कारण अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडून पश्चिम उतारावरच रिते होतात. ब्राझीलमध्ये हेच नाटक उलट्या दिशेने घडते. तिथे वारे अटलांटिकवरून, म्हणजे पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतात. किनाऱ्याजवळचा अजस्र कडा त्यांना अडवतो. किनारपट्टीवर पाऊस पडतो आणि कड्याच्या पलीकडे, ईशान्य ब्राझीलच्या आतल्या भागात, अवर्षणाचा पट्टा तयार होतो. आपली पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा पट्टा, पूर्वेला, त्यांची पश्चिमेला. एकच नियम दोन ठिकाणी उलट्या बाजूने काम करताना दिसला म्हणजे तो नियम समजला. नुसता भारत शिकून ‘पर्जन्यछाया पूर्वेलाच असते’ असा गैरसमज राहण्याचा संभव असतो. ऋतूंचेही तेच. बहुतांश ब्राझील दक्षिण गोलार्धात असल्याने डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो, आणि दरवर्षी निम्मा वर्ग उत्तरपत्रिकेत तिथे थंडी पाडतो.

नकाशाचे दुखणे सोपे आहे. तू बहुधा नकाशा हातात आला की थेट शहरे शोधायला लागतोस. आधी दोन रेषा काढायच्या. ब्राझीलमध्ये विषुववृत्त उत्तरेकडून, ॲमेझॉनच्या मुखाजवळून जाते, आणि मकरवृत्त दक्षिणेकडून, साओ पावलो शहराजवळून. भारतात एकच रेषा, कर्कवृत्त, गुजरातपासून मिझोरमपर्यंत आठ राज्यांतून जाणारी. ब्राझीलच्या नकाशात कर्कवृत्त काढलेले मी इतक्या वेळा तपासले आहे की आता राग येत नाही. रेषा जागेवर बसल्या की ॲमेझॉनचे खोरे विषुववृत्ताच्या आसपास, कॉफीचा प्रदेश मकरवृत्ताच्या बाजूला, अशी बाकीची घरे आपोआप बसतात. आठवड्यातून दोनदा, पुस्तक न पाहता, रिकाम्या कागदावर देशाची वेडीवाकडी आकृती काढून या रेषा आणि पाच ठिकाणे दाखवायची. आकृती बटाट्यासारखी आली तरी चालेल. परीक्षेत आराखडा छापून मिळतो.

प्रश्न : मुलगी म्हणते, राज्यशास्त्र बाराच गुणांचे आहे, ते शेवटच्या दिवशी वाचते. हे योग्य आहे का? (पालक, नागपूर)

उत्तर : गुणांच्या हिशेबाने पाहिले तरी योग्य नाही, कारण चाळीसपैकी हेच बारा गुण सर्वांत कमी कष्टात मिळणारे आहेत, आणि शेवटच्या दिवशी वाचल्यावर ते नेमके एकाच प्रकारच्या चुकीने जातात: दोन सारख्या गोष्टींची गल्लत. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारताचा निवडणूक आयोग घेतो, तर ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो; ‘चूक की बरोबर ते सकारण सांगा’ या प्रश्नात हीच जागा मुलांना गोत्यात आणते. ७३ वी घटनादुरुस्ती पंचायत राज्याची आणि ७४ वी नागरी संस्थांची, हेही असेच उलटसुलट होते. आपण नागपुरात राहता. महापालिकेची निवडणूक लागते तेव्हा मतदार चिठ्ठीवर, वर्तमानपत्रातील जाहीर सूचनेवर कोणत्या आयोगाचे नाव आहे ते मुलीला वाचायला लावा, आणि पुढच्या विधानसभेला पुन्हा वाचायला लावा. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती तिला तर स्वतःपुरतीच लक्षात राहील, कारण दोन-तीन वर्षांत तिचे नाव यादीत येणार आहे.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवतो. अंतर्गत मूल्यमापनाच्या प्रकल्पासाठी मुले दुकानातून छापील चित्रे आणून चिकटवतात, मजकूर इंटरनेटवरून उतरवतात आणि सगळ्यांच्या वह्या एकसारख्या दिसतात. गुण द्यावे तर लागतात, पण मन खाते. सहल काढायला शाळेकडे पैसे नाहीत. काय करावे? (शिक्षक, लातूर जिल्हा)

उत्तर : सर, आपला तालुका सांगितलात म्हणून मला उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. किल्लारी आपल्याच तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे गेली आणि अनेक गावे जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसली. आपल्या वर्गातील मुलांचे आजी-आजोबा त्या दिवसाचे साक्षीदार आहेत, आई-वडील तेव्हा लहान होते. पाठ्यपुस्तकात ‘मौखिक साधने’ असा जो शब्द येतो तो आपल्या मुलांच्या घरात चहा पीत बसलेला आहे.

फक्त ‘भूकंपात काय झाले ते सांगा’ असा प्रश्न मुलांना विचारू देऊ नका. त्याने रडू येते आणि माहिती येत नाही. शिवाय एखाद्या घरात ते दुःख अजून ताजे असते, तिथे सांगणाऱ्याची इच्छा नसेल तर मुलाने वही मिटून घ्यावी, हे आधीच बजावायला हवे. प्रश्न बारीक आणि वस्तूंविषयी असावेत. जुने घर कशाचे होते, भिंत किती जाड होती, वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, होते का? (दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या माळवदाचा भार, यामुळे जीवितहानी इतकी वाढली, म्हणजे इथे भूगोल आणि घरबांधणी एकत्र आली.) जुन्या गावात तुमच्या घराशेजारी कोण राहत होते आणि नव्या गावात कोण राहते? विहीर, पार, देऊळ आणि बाजार यांच्या जागा कुठे होत्या आणि आता कुठे आहेत? जुन्या गावात गल्ल्या होत्या, नव्यात सरळ रांगा आहेत, त्याने बायकांच्या उठण्याबसण्यात काय फरक पडला? या शेवटच्या प्रश्नाला आज्या जी उत्तरे देतील ती कोणत्याही पुस्तकात नसतील.

मग मुलांनी दोन नकाशे काढावेत, एक आजोबांच्या सांगण्यावरून जुन्या गावाचा आणि एक स्वतः चालून नव्या गावाचा. दोन आजोबांनी सांगितलेले नकाशे जुळणार नाहीत. एक म्हणेल, पार मारुतीच्या उजवीकडे होता, दुसरा म्हणेल, डावीकडे. तिथे मुलांना घाईने बरोबर-चूक ठरवू देऊ नका. कोण कुठे राहत होता, कोण कोणत्या बाजूने पाराकडे जात होता, हे विचारायला पाठवा. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. आणि दोन वह्या एकसारख्या दिसण्याची शक्यताच उरत नाही, कारण दोघांचे आजोबा वेगळे असतात.

ज्या मुलांच्या घरी अशी हकीकत नाही त्यांना गावच्या देवळाबाहेर पाठवा. तिथे शेंदूर फासलेला किंवा पायरीला लावलेला एखादा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, असण्याचा चांगलाच संभव आहे, आणि लोक त्याला कोणत्या तरी देवाच्या नावाने हळदकुंकू वाहत असतील. तो खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा मरून पडलेला वीर, कधी त्याच्यामागे गाई, म्हणजे तो गोधन वाचवताना पडला. मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्यावर तो शिवलिंगाची पूजा करताना. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती राहो. शेजारच्या दगडावर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. मुलाने दगडाचे चित्र काढावे, मापे घ्यावीत, तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहावे आणि गावकरी त्याच्याविषयी काय सांगतात तेही लिहावे. दगड घासायचा, खरवडायचा किंवा हलवायचा मात्र नाही. याला खर्च वही-पेन्सिलीचा आणि मोजपट्टीचा. गुण देताना चिकटवलेल्या चित्रांना शून्य द्या, असे मी सुचवीन. पहिल्या वर्षी ओरड होईल, दुसऱ्या वर्षी होणार नाही.

प्रश्न : मला दहावीनंतर कला शाखेला जाऊन इतिहास शिकायचा आहे. घरचे म्हणतात, कमी गुणवाल्यांनी जायची ती जागा आहे. मला ८५ टक्क्यांच्या आसपास गुण मिळतील असे वाटते. आमच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतले कागद आहेत, ते कोणालाच वाचता येत नाहीत. तेव्हापासून मला हे वेड लागले आहे. घरच्यांना काय सांगू? (विद्यार्थी, पुणे जिल्हा)

उत्तर : घरच्यांना दोन-तीन व्यावहारिक गोष्टी सांग. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कला शाखेतूनही करता येतो. राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि तिथल्या अभ्यासाचा मोठा भाग इतिहास, भूगोल आणि राज्यशास्त्र हाच असतो. पुरातत्त्व शिकायचे झाले तर पुण्याचे डेक्कन कॉलेज तुमच्या जिल्ह्यातच आहे. नोकऱ्या मुबलक आहेत असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. अकरावीत इतिहासाबरोबर अर्थशास्त्र किंवा भूगोल घेतलास तर पुढे वाट बदलायला जागा राहील.

त्या कागदांविषयी मात्र आजच सांगते. त्यांना प्लॅस्टिकमध्ये घालून बंद करू नकोस, चिकटपट्टी लावू नकोस, आणि घडी मोडत असेल तर जोराने उलगडू नकोस. दिवसाच्या उजेडात प्रत्येक कागदाचा पाठपोट फोटो काढून ठेव. दहावीची परीक्षा संपल्यावर जी लांब सुट्टी मिळते तिच्यात मोडीचा एखादा वर्ग लाव. भाषा मराठीच असते, त्यामुळे रोज तासभर बसलास तर जून उगवेपर्यंत सोप्या कागदातील शब्द सुटू लागतील. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढून मग अक्षरे तिला टांगलेली असतात आणि शब्द तोडलेले नसतात, म्हणून सुरुवातीला सगळा कागद एकच शब्द वाटतो. अक्षरे लागायच्या आधी तारीख शोध. कागद जुना असेल तर तीत सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली एक वेगळी वर्षगणना, असण्याचा संभव आहे आणि तो पुष्कळदा आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. त्याचा आकडा लागला की जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ आणि जानेवारीपासून मेपर्यंतच्या कागदाला ६०० मिळव. जे इसवी सन येईल ते मला कळव.